जपमाळेचे शंभर मणी आणि तिबेटचा नकाशा

नकाशा हा भूगोलाचा विषय समजला जातो. इतिहासाच्या शिक्षकाने त्यात हात घालावा याचे आमच्या भूगोलाच्या सहकाऱ्यांना थोडे नवल वाटेल. परंतु नकाशा कोणी काढला, ती जमीन कोणाच्या पायांनी मोजली गेली आणि शेवटी नाव कोणाचे झाले, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांत आमचे जुने विद्यार्थी आहेत, तसेच त्यांचे आईवडीलही आहेत. त्यांतील अनेकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनी, दुसऱ्याचे रस्ते, दुसऱ्याची घरे स्वतःच्या श्रमाने उभी केली. म्हणून आम्ही येथे एका दूरच्या पर्वतप्रदेशाच्या मोजणीची हकीकत मांडत आहोत. तो प्रदेश म्हणजे हिमालयापलीकडचा तिबेट, आणि काळ १८६३ ते १९१४ हा आहे.

प्रथम स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे काय ते पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाचा असा एखादा नकाशा माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्यावर तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेषा असतात. त्या समोच्च रेषा, म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा. रेषा दाटीने आल्या की तेथे कडा समजावा, विरळ झाल्या की पठार. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. असा नकाशा करण्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाविषयी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: अक्षांश, रेखांश आणि उंची. सपाट प्रदेशातही हे काम कष्टाचे असते. पर्वतात ते जिवावर बेतते.

हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ केला. सुमारे साडेसात मैलांची एक सरळ आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून कोन मोजायचे, आणि त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन हाती आले की उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत गेले. लॅम्बटन या कामातच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते उचलण्यास बारा माणसे लागत. डोंगरमाथ्यावर चढून खुणेचा खांब रोवणारे, रात्री दिवा धरून उभे राहणारे, जंगल तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे हे सारे खलाशी आणि हमाल होते. १८६० च्या सुमारास स्पितीतील शिला या शिखरावर असाच एक खलाशी खांब घेऊन चढला. त्या काळच्या मोजणीत हे शिखर सात हजार मीटरांचे ठरले होते. पुढे ते सहा हजारांच्या थोडे वरचे निघाले. तरीही त्या दिवशी इतक्या उंचीवर उभी राहिलेली माणसे जगात बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्या खलाशाचे नाव दप्तरात नाही.

येथे राधानाथ सिकदार यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित करणारे म्हणून ते पाठ्यपुस्तकांत भेटतात. आम्हांस मात्र त्यांची १८४३ सालची एक कृती अधिक मोलाची वाटते. डेहराडूनचा इंग्रज मॅजिस्ट्रेट सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना आपल्या कामासाठी वेठीस धरत असे. सिकदारांनी त्याला विरोध केला. खटला होऊन सिकदारांनाच दोनशे रुपये दंड झाला. वेठ म्हणजे काय हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला या दोनशे रुपयांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडेही गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष ग्राह्य धरली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची असे. परंतु जमीन मोजून कागद तयार झाला की तो दुसऱ्याच्याच दप्तरात जाऊन पडे.

हिमालयापर्यंत आलेली त्रिकोणांची साखळी तिबेटच्या सीमेवर थांबली. परकीयांना तेथे प्रवेश नव्हता. इंग्रजांच्या नकाशावर त्यापुढचा भाग जवळजवळ कोरा होता. कोरा, पण कोणाच्या दृष्टीने? तेथील मेंढपाळांना, व्यापाऱ्यांना आणि भिक्खूंना प्रत्येक खिंड ठाऊक होती. एवढेच नव्हे, तर १७१७ च्या सुमारास चीनच्या कांगशी सम्राटाच्या आज्ञेवरून गणित शिकलेल्या दोन लामांनी तिबेटची मोजणी केली होती आणि त्यावरून युरोपात नकाशेही छापले गेले होते. इंग्रजांना हवी होती ती सैन्याला आणि व्यापाराला उपयोगी पडेल अशी अचूक माहिती. कॅप्टन माँटगोमरी या अधिकाऱ्याने त्यासाठी एक युक्ती काढली. इंग्रज जाऊ शकत नाही तेथे हिंदी माणूस व्यापाऱ्याच्या किंवा यात्रेकरूच्या वेषात जाऊ शकतो. त्यालाच मोजणी शिकवावी. १८६३ साली यारकंदला पाठविलेले पहिले गृहस्थ अब्दुल हमीद परतीच्या वाटेवरच मरण पावले. त्यांच्या नोंदी मात्र हाती लागल्या आणि युक्ती चालते असे ठरले.

यानंतर निवड झाली ती नैनसिंह रावत यांची. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे हे भोटिया गृहस्थ. त्यांचे लोक पूर्वीपासून तिबेटशी मिठाचा, लोकरीचा व्यापार करीत. भाषा त्यांना अवगत होती. आणि ते गावच्या शाळेत शिक्षक होते. सर्वेक्षणाच्या इतिहासात त्यांना आणि त्यांच्या मागून गेलेल्यांना ‘पंडित’ म्हणतात. ही पदवी त्यांना जन्माने मिळालेली नव्हती, शाळामास्तरकीने मिळालेली होती. हा तपशील आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

डेहराडूनला त्यांना जे शिकविले गेले ते ऐकण्यासारखे आहे. चढ असो, उतार असो वा सपाटी, प्रत्येक पाऊल साडेएकतीस इंचांचेच पडले पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला. अशी दोन हजार पावले म्हणजे एक मैल. पण महिनोन्‌महिने पावले मोजायची कशी? त्यासाठी जपमाळ होती. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंहांच्या माळेत १०० होते. प्रत्येक शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. हातात प्रार्थनाचक्र असे. त्याच्या आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते. येथे त्या जागी कोरे कागद होते आणि त्यांवर अंतरे व दिशा लिहिल्या जात. कोणी बोलायला जवळ आला की चक्र फिरवीत जपात गढून गेल्याचे दाखवायचे. तपासनीस अशा पवित्र वस्तूला हात लावीत नसत.

उंची काढण्यासाठी उष्णतामापक काठीत दडविलेला असे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळते; जसजसे वर जावे तसतसे ते लवकर उकळते, साधारणपणे दर तीनशे मीटरला एक अंश कमी. ल्हासाच्या उंचीवर ते ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणजे चहाचे आधण ठेवता ठेवता उंची मोजता येते! अर्थात, एका अंशाची चूक झाली तर तीनशे मीटरांचा डोंगर उभा राहतो किंवा नाहीसा होतो, हेही लक्षात घ्यावे.

अक्षांशासाठी पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, जवळजवळ तितकाच त्या ठिकाणाचा अक्षांश. पण चहूकडे डोंगर असताना क्षितिज आणायचे कोठून? कवड्यांत पारा भरून, तोंड मेणाने बंद करून तो नेला जाई. रात्री तो एका पात्रात ओतायचा. पाऱ्याचा पृष्ठभाग पूर्ण सपाट आणि आरशासारखा. त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब पडते. तारा आणि प्रतिबिंब यांच्यामधील कोन मोजून त्याचा निम्मा घ्यायचा. रेखांश काढण्यास अचूक घड्याळ लागते, आणि अशा प्रवासात त्याचा भरवसा नसतो. म्हणून पूर्व-पश्चिम अंतराची सारी भिस्त पावलांवर आणि होकायंत्रावर होती. एखादे दिवशी पाऊल चुकले, मणी विसरला, तर एखादे गावच नकाशावर सरकले असते.

१८६५ साली नैनसिंह नेपाळमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. पैसे संपले तेव्हा तेथील नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहिण्याची रीत शिकवून त्यांनी दिवस काढले. शिक्षकी पेशा तेथेही कामास आला. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला आणि त्यानंतर ते फारसे बाहेर पडेनासे झाले. एप्रिलमध्ये ल्हासा सोडून त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेस मानसरोवरापर्यंत चालत ते परतले. मोजलेला मार्ग सुमारे बाराशे मैलांचा होता, म्हणजे चोवीस-पंचवीस लाख पावले. पुढे १८६७ साली ते तिबेटच्या सोन्याच्या खाणींकडे गेले आणि १८७४-७५ मध्ये लेहपासून ल्हासामार्गे आसामपर्यंत चालले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. २००४ साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीटही काढले. त्यांचे नातेवाईक किशनसिंह यांनी १८७८ ते १८८२ अशी चार वर्षे तिबेट आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेश मोजला. लुटारूंच्या भयाने सोबत्यांनी त्यांना घोड्यावर बसविले, तेव्हा त्यांनी घोड्याची पावले मोजली.

येथपर्यंतची हकीकत वर्गात सांगताना मुले टाळ्या वाजवतात. आमच्याही मनात अभिमान असतो. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला येथेच थांबता येत नाही. आपल्या उपासनेत प्रार्थनाचक्राला स्थान नाही आणि चक्र फिरवून पुण्य लाभते असे आम्ही मानत नाही. तरीही ज्या भोळ्या श्रद्धेपोटी तिबेटी तपासनीस त्या चक्राला हात लावीत नसे, ती श्रद्धाच येथे हत्यार म्हणून वापरली गेली. पंचशीलातील चौथ्या शीलाचे काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारला होता. नैनसिंह गरीब होते, पराधीन देशातले होते, हुकुमाचे ताबेदार होते, हे आम्ही तिला सांगितले. पण त्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही, हेही मान्य केले.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १८७४ साली दार्जिलिंगला भोटिया बोर्डिंग स्कूल निघाले. म्हणजे आपल्या शाळेसारखीच निवासी शाळा. परंतु तिचा हेतू निव्वळ विद्यादानाचा नव्हता. तिबेटचा मार्ग खुला झाल्यास उपयोगी पडतील असे दुभाषे आणि मोजणीदार तेथे तयार करायचे होते. तिचे मुख्याध्यापक शरच्चंद्र दास हे तेथीलच शिक्षक लामा उग्येन ग्यात्सो यांच्यासह १८७९ मध्ये आणि पुन्हा १८८१-८२ मध्ये तिबेटात गेले. दास मोठे विद्वान. त्यांनी आणलेले ग्रंथ आणि त्यांचा तिबेटी कोश यांचे ऋण बौद्धविद्येचा प्रत्येक अभ्यासक मानतो. तेथे त्यांना आश्रय दिला तो ताशिल्हुन्पो विहाराशी संबंधित सेंगचेन लामा या ज्ञानप्रेमी भिक्खूने. दास इंग्रजांचे हेर होते हे उघड झाल्यावर तिबेटी सरकारने या लामाला पकडले आणि १८८७ साली नदीत बुडवून मारले. त्यांच्या नात्यातील आणि सेवेतील माणसांनाही शिक्षा झाल्या. दार्जिलिंगला दास सन्मानाने राहत होते. १९०४ साली यंगहजबंडच्या हाताखालील ब्रिटिश फौज ल्हासावर चालून गेली आणि वाटेत गुरू येथे शेकडो तिबेटी काही मिनिटांत मारले गेले, तेव्हा ल्हासाच्या वाटा चाळीस वर्षांपूर्वीच मोजून झालेल्या होत्या.

आता आम्ही ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या किंथुप यांच्याकडे वळतो.

तिबेटच्या नकाशातील सर्वांत मोठे कोडे त्सांगपो नदीचे होते. ही नदी तिबेटातून शेकडो मैल पूर्वेकडे वाहते आणि नामचा बरवा या ७,७८२ मीटर उंचीच्या पर्वताजवळ डोंगरांत शिरून दिसेनाशी होते. पलीकडे आसामात दिहांग नदी बाहेर पडते आणि ब्रह्मपुत्रेला मिळते. दोन्ही नद्या एकच काय? की त्सांगपो ब्रह्मदेशातील इरावतीला मिळते? एकच म्हटले तर जवळजवळ तीन हजार मीटरांवरचे पाणी थोड्याशा अंतरात मैदानाला येते. मग मध्ये केवढा धबधबा असेल! भूगोलज्ञ नायगारासारख्या प्रचंड प्रपाताची स्वप्ने पाहू लागले.

किंथुप हे सिक्कीमचे लेपचा, दार्जिलिंगला शिंपीकाम करीत. अंगाने काटक, बुद्धीने तल्लख, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून १८८० साली कॅप्टन हार्मनने त्यांना पाठविले ते एका परदेशी लामाचा नोकर म्हणून. नोंदी लिहिणार होता तो लामा. बेत असा होता: फूटभर लांबीचे पाचशे ओंडके तयार करून, त्यांवर खूण करून, रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस त्सांगपोत सोडायचे. खाली आसामात हार्मनची माणसे पाहणी करतील. ओंडके आले तर नदी एकच.

लामाने वाटेत चैन केली, सरकारी पैसा उडविला आणि १८८१ साली एका तिबेटी अंमलदाराला किंथुप यांना चक्क गुलाम म्हणून विकून तो निघून गेला. किंथुप काही महिने राबले, मग पळाले. घराकडे पळाले नाहीत. नदीच्या काठाने पुढे, कामाकडे पळाले. पाठलाग करणाऱ्यांनी त्यांना मार्पुंग येथे गाठले. तेथील विहाराच्या प्रमुख लामाच्या पायांवर त्यांनी आपली हकीकत घातली. लामाने पन्नास रुपये मोजून त्यांना विकत घेतले आणि आपल्याकडे कामास ठेवले. काही महिन्यांनी यात्रेसाठी रजा मागून ते बाहेर पडले, पाचशे ओंडके तोडले आणि एका गुहेत लपविले. मग परत येऊन कामाला लागले. पुन्हा रजा मागितली आणि ल्हासा गाठले. अमुक महिन्यात अमुक दिवसापासून रोज पन्नास ओंडके सोडीन, असे पत्र त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून लिहवून घेतले आणि दार्जिलिंगला धाडले. मग पुन्हा मार्पुंगला जाऊन नऊ महिने चाकरी केली. शेवटी त्यांची भक्ती पाहून लामाने त्यांना मुक्त केले. ठरल्या दिवसांत त्यांनी पाचशेही ओंडके नदीत सोडले.

खाली पाहायला कोणी नव्हते. पत्र हार्मनपर्यंत पोहोचलेच नाही. तो आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता आणि परदेशातच वारला. किंथुप १८८४ साली दार्जिलिंगला परतले, तेव्हा त्यांची आईही वारली होती. त्यांनी चार वर्षांचा सारा प्रवास केवळ स्मरणातून तोंडी सांगितला; दुसऱ्याने तो लिहून घेतला, तिसऱ्याने त्याचे भाषांतर केले आणि १८८९ साली तो छापला गेला. अनेकांनी त्यावर पुरता विश्वास ठेवला नाही. ज्याने एक ओळही लिहून आणलेली नाही, त्याच्या सांगण्यावर नकाशा काढायचा कसा, अशी शंका होती. किंथुप पुन्हा आपल्या सुईदोऱ्याकडे गेले.

छापील वृत्तांतात एक गोष्ट मात्र सर्वांना आवडली. पेमाकोचुंगजवळ त्सांगपो दीडशे फुटांवरून कोसळते, असे त्यात होते. स्वप्नातल्या प्रपाताला तेवढाच आधार मिळाला. १९१३ साली बेली आणि मोर्सहेड हे दोन इंग्रज अधिकारी त्या दरीत गेले. मोर्सहेडने मोजणी केली, बेलीने वाटा धुंडाळल्या. त्सांगपो आणि दिहांग एकच, हे निश्चित झाले. किंथुप यांनी सांगितलेली गावे, मठ, वळणे जागच्या जागी सापडली. धबधबा मात्र सुमारे तीस फुटांचाच निघाला.

बेलीने किंथुप यांचा शोध घेतला. ते दार्जिलिंगलाच होते, अजून कपडे शिवत होते. १९१४ साली त्यांना सिमल्याला आणून त्याने त्या धबधब्याविषयी विचारले. किंथुप यांनी सांगितले की, आपण दोन धबधबे सांगितले होते. नदीवरचा तीस फुटांचा. आणि ग्याला येथे एका लहानशा ओढ्याचा दीडशे फुटांचा. लिहून घेणाऱ्याने, की भाषांतर करणाऱ्याने, दोहोंचा एक केला. छापून आलेले किंथुप यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे ती चूक त्यांच्या ध्यानी येणे शक्यच नव्हते. सुमारे पंचवीस वर्षे जगातले भूगोलज्ञ जो प्रपात शोधत होते, तो एका लेखणीतून पडला होता.

बेलीने किंथुप यांच्यासाठी सरकारकडे निवृत्तिवेतन मागितले. सरकारने एकरकमी एक हजार रुपये मंजूर केले. ते घेऊन किंथुप दार्जिलिंगला परतले आणि त्यानंतर फार दिवस जगले नाहीत.